एक जूनची सरपंचबाई

१

"काकू, माझं रजिस्टर चोरीला गेलं."

गुरुवारी सकाळी एंजल वैरागर माझ्या दारात उभी राहून हे म्हणाली, तेव्हा मी लसूण सोलत होते. सोलणं मी थांबवलं नाही. एकतीस वर्षं जिल्ह्याच्या रेकॉर्डरूममध्ये काढलेल्या बाईला कागद हरवल्याची बातमी नवी नसते. लोकांचे बाप हरवत नाहीत इतके कागद हरवतात, आणि त्यातले निम्मे टेबलाखाली सापडतात. मी दमयंती निसळ. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी नगरात कुणाचा दाखला, फेरफार, सातबारा अडला की पावलं माझ्या घराकडं वळतात. फी घेत नाही. बोलणी मात्र खावी लागतात.

"बस आधी," मी म्हणाले. "हेल्मेट काढ. कसलं रजिस्टर?"

एंजल करंजटाकळीची सरपंच. पाथर्डीच्या वाटेवरचं कोरडं गाव, दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. आई-बापांच्या मागं पोरांची शाळा सुटायची. ह्या बाईनं पोरांसाठी गावात वसतिगृह चालवलं, एकशे अकरा पोरं थांबवून दाखवली आणि त्याच बळावर निवडून आली. पडला तो मच्छिंद्र मुकादम. त्यानं जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार ठोकली होती की ही बाई भारताची नागरिकच नाही.

"नागरिक नाही?" मी लसूण खाली ठेवला. "मग कोण आहेस तू?"

"तिबेटी म्हणतोय मला. म्हणे पूर्वी हिवाळ्यात नगरला स्वेटर विकायला यायचे ना, त्यांच्यातली एक बाई मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि मेली. ते पोर म्हणजे मी. आईनं मला उचललं आणि स्वतःचं नाव लावलं. दवाखान्यातल्या जुन्या आयाचं, राहीबाईचं, प्रतिज्ञापत्रसुद्धा आणलंय त्यानं."

एंजलच्या चेहऱ्याकडं मी आजवर शंभरदा पाहिलं असेल. बारीक डोळे, उंच गालफडं. गावात तिला पोरं 'नेपाळी मॅडम' म्हणत, आणि तिची आई लिडिया, त्याच दवाखान्यातली जुनी सिस्टर, सगळ्यांना सांगे की नवऱ्याची आजी दार्जिलिंगकडची होती. आपण कुणी पुढं विचारलं नाही.

"सोमवारी सुनावणी आहे. साहेब म्हणाले, शाळेच्या दाखल्यावर एक जून १९८७ आहे, पण जन्माची मूळ नोंद आणा. जन्मदाखला आईनं कधी काढलाच नव्हता, म्हणून दवाखान्यात अर्ज केला. मंगळवारी सगळी रजिस्टरं होती. आज सकाळी माझंच नाही."

"आणि नोंद मिळाली नाही तर?"

"सरपंचपद जाईल. मतदार यादीतून नाव जाईल. मग पोलिसात परदेशी म्हणून नोंद. अडतीस वर्षांची मी, करंजटाकळीच्या बाहेर कधी महिनाभर राहिले नाही. कुठं घालवतील मला?" मग तिनं डोळे पुसले आणि मला खरं सांगितलं. "काकू, आईला विचारायची हिंमत होत नाहीये. मी कुणाची आहे हेच मला माहीत नाही."

मी चपला घातल्या.

२

दवाखाना जुना, दगडी. रेकॉर्ड सांभाळतो यशया उजगरे, साठीचा, घामाघूम माणूस. त्यानं माझ्यासमोर कपाट उघडलं. कुलूप शाबूत होतं.

"किल्ली कुठं असते?"

यशयानं भिंतीवरचं कॅलेंडर सरकवलं. मागं खिळा, खिळ्याला किल्ली.

"अरे, ही काय किल्ली ठेवायची जागा?"

"बाई, पन्नास वर्षं इथंच असते. जुन्या स्टाफला सगळ्यांना माहीत आहे."

"मंगळवारपासून कोण कोण आलं इथं?"

त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. मंगळवारी मच्छिंद्रशेठ वकील सहादेवला घेऊन आला होता, रजिस्टर बघायचा अर्ज घेऊन. त्याच्यासमोर यशयानं सगळे गठ्ठे मोजले, सदतीस भरले. बुधवारी सकाळी करंजटाकळीचे निवृत्त मास्तर रामहरी गुरुजी येऊन गेले. दुपारी नेहमीप्रमाणे लिडिया सिस्टर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या, थोडा वेळ बसल्या, यशयानं बाहेरून चहा आणला, जुन्या गप्पा झाल्या. संध्याकाळी मच्छिंद्रशेठचा टेम्पोही येऊन गेला.

"टेम्पो कशाला?"

यशया ओशाळला. "माझा मुलगा इमॅन्युएल त्यांच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. मला घरी न्यायला आला होता."

एंजलनं माझ्याकडं असं पाहिलं की चोर सापडलाच. मी तिला डोळ्यानं गप्प केलं. घाईनं चोर पकडणारी माणसं मी फार पाहिली आहेत, त्यांच्या हाती नेहमी चुकीचा माणूस येतो.

कपाटात लाल कापडाच्या रुमालात बांधलेली लांबलचक रजिस्टरं ओळीनं उभी होती. प्रत्येकाच्या रुमालावर एकेकाळी चिठ्ठी होती. उंदरांनी चिठ्ठ्या खाल्ल्या होत्या, आणि आता बाहेरून सगळे गठ्ठे सारखे दिसत होते. मधे एक फट होती.

"यशया, गेलं ते एंजलचंच रजिस्टर, हे तुला कसं कळलं?"

"दुसरं कोणतं जाईल बाई? आत्ता भांडण तिचंच चाललंय."

"रुमाल सोडून पाहिलेस?"

"नाही."

मी फटीच्या डावीकडचा गठ्ठा काढला. धुळीनं शिंकले. शेवटचं पान उघडलं, शेवटची नोंद ३१ मार्च १९८६. मिशनचं वर्ष आपल्या सरकारी वर्षासारखंच, एप्रिल ते मार्च. मग उजवीकडचा गठ्ठा सोडला. पहिली नोंद १ एप्रिल १९८७. ते रजिस्टर मी मांडीवर घेतलं आणि चांगला तासभर, पान न् पान, शेवटपर्यंत वाचलं. शोधत होते ते त्यात नव्हतं. ते नाही मिळालं याचा मला इतका आनंद झाला की यशयाला वाटलं बाईला भोवळ आली.

"काय झालं काकू?" एंजल म्हणाली.

"काही नाही. उद्या मला तुझ्या गावाला ने. आईच्या हातचं जेवायचंय."

"रजिस्टर कुणी नेलं, कळलं का?"

"कोणतं नेलं ते कळलं," मी रुमालाची गाठ मारली. "कुणी नेलं ते त्यातूनच कळेल. आता गाडी काढ."

३

शुक्रवारी एंजलच्या स्कूटीवर मागं बसून मी करंजटाकळीला पोचले. माझी कंबर आणि त्या रस्त्यावरचे खड्डे यांचं काय झालं ते सांगत नाही.

लिडियाबाई शहात्तरच्या. पांढरं पातळ, केस मागं घट्ट ओढलेले. अजून मेट्रनच वाटतात. चाळीस वर्षं रोग्यांच्या उशाशी उभी राहिलेली ही बाई पाहुणा आला की हमखास उठून उभी राहायची, मग तो तलाठी असो की भांडीवाली. आज दिवाणावर बसूनच त्यांनी हात जोडले.

"सलाम, दमयंतीबाई. बसा. गुडघे धरलेत हो, उठवत नाही. एंजल, तूच चहा टाक."

"बुधवारी एसटीनं नगरला जाऊन आलात म्हणे."

"तेव्हापासूनच धरलेत."

मी समोर बसले. जेवण एंजलनंच वाढलं. लिडियाबाईंनी ताट दिवाणावर मागून घेतलं. मी तक्रारीचा विषय काढला तशी त्या मान हलवत म्हणाल्या, "एंजल माझी आहे. माझ्या पोटची. कुठं सही करायची ते सांगा, मी करते. त्या टीव्हीवर रोज भांडत असतात, बघितलंय मी. आई-बाप बाहेरचे तर पोरही बाहेरचं. मी तिला बाहेरची होऊ देणार नाही."

एंजल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं आईकडं बघितलं, पण विचारलं काहीच नाही. मला दोघींची फार दया आली, आणि मला दया आली की मी खेकसते, म्हणून म्हणाले, "चल गं, तुझ्या शत्रूला भेटू."

मच्छिंद्र मुकादम फाट्यावर आपल्या खतांच्या दुकानात बसला होता. पन्नाशीचा, मिशीवर पीळ, पण बोलायला मोकळा. खुर्ची पुसून दिली.

"माझं सरपंचबाईशी काय बी वैर न्हाई, म्याडम. कायदा हाय. परदेशी मानसानं गावाचा कारभार करू नये, एवढंच म्हननं हाय आपलं."

"आणि ती परदेशी आहे हे तुला कसं कळलं?"

"आमच्या बापाची नगरला पाथर्डी रोडला मोकळी जागा हुती. स्वेटरवाल्यांचे तंबू तिथंच पडायचे, दर सालच्याला. दिवाळी झाली की यायचे, होळीआधी जायचे. उन्हाळ्यात एक बी मानूस न्हाई. मंग एक जूनला जन्मली कशी वो? तवाच माझ्या डोक्यात आलं की तारीख खोटी हाय. मी आठवीला हुतो. बाळंतीन मेल्याचं आठवतंय मला. सत्त्याऐंशीची दिवाळी झाली आन् डिसेंबरात घडलं. वकील म्हनला, जुलै सत्त्याऐंशीनंतरचा जन्म आसंल तर खेळ खल्लास."

वकील बरोबर म्हणाला होता. कायदा मला त्याच्याकडून शिकायची गरज नव्हती, पण मच्छिंद्रच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. माणूस कुठली तारीख धरून चालला आहे, ते त्यानंच सांगितलं होतं.

"राहीबाईला साल आठवतं?"

"न्हाई. थंडी हुती म्हनती. खर्ड्याला लेकीकडं आंथरुनावर हाय बिचारी, तिथं जाऊन आंगठा घेतला."

"मग रजिस्टर चोरलंस का?"

तो इतक्या जोरात हसला की गल्ल्यावरचं पाकीट खाली पडलं. "म्या? अवो, रजिस्टर तर माझ्या बाजूचं हाय! त्यात डिसेंबर निघनार. म्याच अर्ज करून मागितलंय, आन् म्याच चोरीन व्हय?"

बाहेर आल्यावर एंजल म्हणाली, "खोटारडा आहे एक नंबरचा."

"चूक. तो खरं बोलतोय असं त्याला वाटतंय," मी म्हणाले. "म्हणूनच मला तो चोर वाटत नाही. गुरुजी कुठं राहतात?"

४

रामहरी गुरुजी ऐंशीचे, ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. एंजलला पाहताच अडकित्ता थांबला.

"पोरी, मीच घोळ केला. मला आत टाकतील का गं?"

"कुणी आत टाकत नाही," मी म्हणाले. "काय केलंत ते सांगा."

गुरुजींनी सांगितलं, आणि ते आपल्या जिल्ह्यात प्रत्येक घराला माहीत असलेलं गुपित होतं. जूनमध्ये शाळा उघडायची. आयाबाया पोरं घेऊन यायच्या. जन्मतारीख विचारली तर कुणी सांगायचं पेरणी चालली होती, कुणी सांगायचं पोळ्याच्या आगंमागं. पहिलीत घालायला सहा वर्षं पुरी हवीत. मग गुरुजी पाट्या टाकायचे. सहा वर्षं मागं जायचं आणि एक जून लिहायचं. पोराचं वय बसलं, मास्तराचा पट भरला, सगळे खूश.

"१९९३ ला एकतीस पोरं घेतली मी पहिलीत. अठ्ठावीस एक जूनची. त्यात ही."

"खरी तारीख लिडियाबाईंनी सांगितली नाही?"

"त्या सांगत होत्या काहीतरी, पण मी लिहून मोकळा झालो होतो. त्याही मग बोलल्या नाहीत."

"पोर सहाची दिसत होती का पाचची?"

"पाचची? छे!" गुरुजी पहिल्यांदा हसले. "समोरचे दोन दात पडून नवे आले होते की. बोबडी नव्हती. पाढे म्हणून दाखवले हिनं मला बाराचे."

मी ते कानात साठवलं. "आणि बुधवारी दवाखान्यात कशाला गेला होतात?"

गुरुजींनी मान खाली घातली. "भीती वाटली. म्हटलं एक जूनची नोंद खरंच असली तर आपण सुटलो. यशया जरा बाहेर गेला तसं मी चार-पाच रुमाल सोडून पाहिले. जून सत्त्याऐंशीचं रजिस्टर सापडलं. त्या दिवशी एकच मुलगा जन्मलेला. परत बांधून ठेवलं आणि आलो."

"बाकीचे गठ्ठे?"

"मला जूनशी काम. बाकी कशाला बघू?"

"शाबास," मी म्हणाले आणि उठले. गुरुजींना कळेना की बाई आपल्याला शाबासकी का देते.

एंजल रस्त्यात थांबली. "काकू, तुम्ही कालपासून काहीच नीट बोलत नाही. चोर कोण?"

"तुला धीर आहे का?"

"आहे."

"मग चल घरी. आणि काही झालं तरी आईवर ओरडायचं नाही, शपथ घे."

तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

५

लिडियाबाई अजून दिवाणावर तशाच होत्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

"सिस्टर, एक हिशेब ऐका, तुमच्या कामाचा आहे. दवाखान्यातून एकच रजिस्टर गेलं. ते एप्रिल श्याऐंशी ते मार्च सत्त्याऐंशीचं. डावीकडचं आणि उजवीकडचं मी स्वतः उघडून पाहिलं. आता मला सांगा, चोराला एंजलची नोंद हवी असती आणि तिचा जन्म कधीचा ते माहीत नसतं, तर त्यानं कोणतं रजिस्टर नेलं असतं? शाळेचा दाखला म्हणतो जून सत्त्याऐंशी. ते पुढच्या रजिस्टरात. मच्छिंद्र म्हणतो डिसेंबर सत्त्याऐंशी. तेही पुढच्याच रजिस्टरात. गुरुजींनी तर तेच उघडलं आणि परत ठेवलं. यशयाला साल माहीतच नाही. ते पुढचं रजिस्टर जिथल्या तिथं आहे, आणि मी ते वाचलं, त्या हिवाळ्यात एकही तिबेटी बाळंतीण नाही. चोरानं मात्र बरोबर मागचंच उचललं. कारण चोराला खरी तारीख माहीत होती. बाहेरून सगळे गठ्ठे सारखे. पण तुम्ही ते गठ्ठे वीस वर्षं बांधलेत, तुम्हाला चिठ्ठी लागत नाही."

लिडियाबाईंनी गादीची कड घट्ट धरली.

"राहीबाई अंथरुणावर. बापाचा पत्ता नाही, तुमचे मालकही आता नाहीत. तारीख माहीत असलेलं जगात एकच माणूस उरलं. आणि आजवर पाहुण्याला बसून सलाम न घातलेलं ते माणूस सकाळपासून ह्या गादीवरून उठलेलं नाही."

"आई?" एंजल म्हणाली.

लिडियाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग हळूच बाजूला सरकल्या. गादीचा कोपरा एंजलनं उचलला. खाली लाल रुमाल होता.

"जाळायला नेलं होतं," लिडियाबाई म्हणाल्या. "बुधवारी रात्री चुलीपाशी बसले. नाही जाळवलं. माझ्याच हातची नोंद आहे त्यात. तुझ्या आईचं नाव आहे. तिची दुसरी काहीच खूण जगात नाही, एंजल, मी ती कशी जाळू? आणि ठेवली तर तू परदेशी ठरतेस. मग बसून राहिले त्याच्यावर."

"तीन दिवस?" एंजल रडत होती आणि हसत होती. "तीन दिवस तू माझ्या जन्मावर बसलीस?"

"आधी वाच," मी म्हणाले.

एंजलनं रुमाल सोडला. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण तिथं वाळलेल्या पिंपळपानाची खूण होती. अक्षर ताठ, मेट्रनचं. अनुक्रमांक ११४२. १९ जानेवारी १९८७, पहाटे पाच. मुलगी, वजन सव्वादोन किलो. आई पेमा, वय तेवीस, तिबेटी, स्वेटर विक्री. आईचा मृत्यू सकाळी साडेनऊ. शेऱ्यात लिहिलं होतं, 'बाळ वडिलांच्या संमतीने परिचारिका लिडिया वैरागर यांच्या हवाली.' खाली वडिलांची न वाचता येणारी सही.

"पेमा," एंजल म्हणाली. तिनं ते नाव दोनदा म्हटलं.

"तो रडत होता फार," लिडियाबाई सांगू लागल्या. "तंबूत दोन म्हाताऱ्या आणि थंडी. म्हणाला, सिस्टर, ही वाचणार नाही माझ्याकडं. पुढच्या वर्षी आला, तुला लांबून बघून गेला. नंतर नाही आला. मला मूल नव्हतं. मी म्हटलं, माझीच आहे. म्हणता म्हणता मलाही ते खरं वाटायला लागलं."

"आता माझं ऐका दोघी," मी म्हणाले, "कारण तुम्ही दोघींनी आणि त्या टीव्हीनं मिळून एका सरळ कायद्याचं भूत केलंय. माझे वडील नृसिंह निसळ कचेरीत कारकून होते. फाळणीनंतर नगरला सिंधी निर्वासित आले, त्यांचे अर्ज त्यांनी लिहिले. तेव्हा घटनेनं तारीख ठरवली होती, १९ जुलै १९४८. त्या आधी आलेल्याला सोपं, नंतर आलेल्याला परवाना आणि नोंदणी. एक दिवस उशिरा आलेली माणसं वडिलांच्या टेबलापाशी रडायची, ते घरी येऊन जेवायचे नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मला नागरिकत्वाच्या तारखा पाठ. पंचावन्न साली नागरिकत्वाचा कायदा झाला. त्यात लिहिलं की २६ जानेवारी १९५० पासून जो इथल्या मातीत जन्मला तो इथला. वकिलातीतली पोरं वगैरे सोडली तर आई-बाप कुठले, हे विचारायचंच नाही. पुढं आसामात आंदोलन झालं, करार झाला, सरकारनं दार अर्धं लोटलं. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप एक तरी भारतीय हवा. २००४ च्या डिसेंबरात आणखी लोटलं, एक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा आलेला नको. पण हे सगळं पुढच्यांसाठी. आधी जन्मलेल्याचं नागरिकत्व ह्यानं गेलं नाही."

"म्हणजे?" लिडियाबाई पुढं वाकल्या.

"म्हणजे १९ जानेवारी सत्त्याऐंशीला नगरात जन्मलेली ही पोरगी, तिची आई तिबेटी असो की चंद्रावरची, जन्मानं भारतीय आहे. वाचली ती साडेपाच महिन्यांनी. तुम्ही जो कागद जाळायला निघाला होतात, सिस्टर, तिला वाचवणारा जगात तेवढाच एक कागद आहे."

लिडियाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग, गुडघे बिडघे विसरून, उठून उभ्या राहिल्या.

६

शनिवारी लिडियाबाईंनी रजिस्टर स्वतःच्या हातानं यशयाला परत केलं आणि 'हे मी नेलं होतं' असं लिहून दिलं. मीच लावलं लिहायला. लपवून आणलेला कागद सुनावणीत मान खाली घालतो. रविवारी मी काष्टीला जाऊन आले. कशाला, ते सोमवारी कळलं.

साहेबांच्या दालनात मच्छिंद्र, त्याचा वकील सहादेव, आम्ही तिघी आणि रुमाल घेतलेला यशया. नोंद वाचून झाली तसा सहादेव उठला.

"साहेब, रजिस्टर चार दिवस बाहेर होतं. नेणारी बाई सरपंचबाईची आई म्हणवते, आणि नोंद त्याच बाईच्या हातची. ही परवा लिहिलेली नसेल कशावरून?"

"बरोबर शंका," मी म्हणाले. "साहेब, ११४२ च्या खालची ओळ वाचा. ११४३, २० जानेवारी, मुलगी. नोंदीतल्या आई-बापाच्या नावांवरून मी ती शोधली, धनश्री, आता काष्टीला बँकेत आहे. तिच्या घरच्यांनी तेव्हाच जन्मदाखला काढला होता. त्यावर दवाखान्याचा क्रमांक आहे, ११४३. मूळ दाखला हा." मी तो टेबलावर ठेवला. "पान शिवलेलं आहे, वरची ११४१ त्याच शाईत आहे. मधली ओळ अडतीस वर्षं रिकामी ठेवून कोण वाट बघत बसेल?"

साहेबांनी भिंगानं पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गुरुजींचा लेखी जबाब वाचला, दातांसकट.

"पण शाळेची तारीख तर खोटी निघाली का न्हाई?" मच्छिंद्र न राहवून बोलला. "खोटी तारीख लावनारी बाई सरपंच कशी?"

"मच्छिंद्रशेठ," मी विचारलं, "तुमची जन्मतारीख काय हो?"

सहादेवनं त्याच्याकडं पाहिलं.

"सांगा की."

"एक जून," मच्छिंद्र पुटपुटला.

"आणि वकीलसाहेब तुमची?"

सहादेवनं फाईल चाळायला घेतली. साहेब खोकले. नंतर शिपायानं मला सांगितलं की साहेबांचा वाढदिवसही कचेरीत एक जूनलाच होतो.

तक्रार फेटाळली गेली. मच्छिंद्र जाताना एंजलपाशी थांबला. "म्या डिसेंबरच धरून बसलो हुतो. आठवीतलं पोर मी, साल चुकलं माझं," म्हणाला, आणि निघून गेला. निवडणूक पुन्हा लढेल तो, पण आता मतांवर लढेल.

निकाल लिहून घ्यायला कारकुनानं छापील नमुना पुढं ओढला. "नाव?"

"एंजल वैरागर."

"जन्मतारीख?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती म्हटली. "एकोणीस जानेवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी."

"आईचं नाव?"

ती काही बोलायच्या आत लिडियाबाई खुर्चीवरून उठल्या, आणि ताठ उभ्या राहिल्या. "पेमा," म्हणाल्या. "लिहा. तिची आई पेमा. मी सांभाळणारी." शेवटचा शब्द त्यांना नीट म्हणता आला नाही.

एंजलनं त्यांचा हात घट्ट धरला. "दोन्ही लिहा," ती कारकुनाला म्हणाली. "पेमा आणि लिडिया."

"दोन नावं बसत नाहीत, मॅडम. रकाना एकच आहे."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं, टेबलावरची पट्टी ओढली आणि त्या रकान्याच्या मधोमध एक सरळ रेघ मारली.

"आता दोन झाले," मी म्हणाले. "लिही."

त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली, आणि त्यानं लिहिलं.